या चुका टाळा : सायकलची बीबी अकाली का जाते

दर वर्षी दसऱ्याच्या आसपास ओळखीपाळखीतल्या सात-आठ सायकली आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहतात आणि प्रत्येकीच्या मालकाची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते : पायडल मारताना खालून कटकट आवाज येतो, किंवा क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसते तो दांडा, हलते. त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते, ते म्हणजे ‘बीबी हलक्या प्रतीची निघाली’. क्रँक ज्या आसावर फिरते तो आस, त्याच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग आणि ती फ्रेममध्ये धरून ठेवणारे कप या सगळ्याला मिळून बॉटम ब्रॅकेट म्हणतात. पुण्यातल्या कोणत्याही दुकानात नुसते ‘बीबी’ म्हटले तरी भागते. प्रत हलकी असू शकते हे मला मान्य आहे. तरीही गेल्या अनेक वर्षांत मी उघडलेल्या बीबींपैकी चालवून चालवून झिजलेल्या फार थोड्या होत्या. बाकीच्या पाण्याने, कोरड्या जोडणीने किंवा पाना हातात आल्यावर अंगात शिरलेल्या उत्साहाने मेल्या होत्या.

साधा हिशेब करून पाहावा. ताशी २० किलोमीटरने ५,००० किलोमीटर चालवायला २५० तास लागतात, आणि मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तेवढ्या काळात क्रँक १२ लाख वेळा फिरते. आकडा मोठा वाटतो, पण मिनिटाला ८० फेऱ्या हा बेअरिंगच्या दृष्टीने अगदी सावकाश वेग आहे. स्वच्छ ग्रीसमध्ये फिरणाऱ्या पोलादी छर्ऱ्यांना एवढ्याने काही होत नाही. त्याच ग्रीसमध्ये चमचाभर पाणी आणि चिमूटभर बारीक माती गेली, की मात्र दोन महिन्यांत खेळ आटोपतो.

म्हणून पहिली आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे, बीबीत पाणी बाहेरून, कपाच्या फटीतून शिरते असे समजणे. तसे ते शिरतेच, पण बरेचसे पाणी वरून येते. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, फ्रेमच्या नळीत ज्या फटीपाशी क्लॅम्पने आवळलेला असतो ती फट बहुतेक फ्रेमवर मागच्या बाजूला असते आणि मडगार्ड नसेल तर मागचे चाक भर पावसात नेमका तिथेच चिखलाचा फवारा मारत राहते. बाटलीच्या स्टँडचे स्क्रू काढून ठेवलेले असतील, तर त्या भोकांतूनही पाणी आत जाते. आत शिरलेले पाणी नळीतून खाली उतरते आणि फ्रेमच्या सर्वांत खालच्या पोकळीत, म्हणजे बीबीच्या शेलमध्ये, साचून राहते. शिवाय बीबी चाकांच्या आसांपेक्षा साधारण ७ सेंटीमीटर खाली असते. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल बुडतो हे ठाऊक असूनही कडेच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून ‘एवढ्याने काय होते’ म्हणत सायकल घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की चाकांचे हब बुडण्याच्या कितीतरी आधी बीबी बुडालेली असते.

या चुकीचा सख्खा भाऊ म्हणजे प्रेशरने धुणे. माझ्या एका मित्राने ऑगस्टमध्ये दिवेआगरला जाण्यापूर्वी आपली जुनी पोलादी सायकल दुचाक्या धुऊन देणाऱ्या एका ठिकाणी नेली आणि पंपाच्या फवाऱ्याने चकचकीत करून आणली. क्रँकच्या कोपऱ्यातला काळा चिकटा निघेपर्यंत त्याने पाइप तिथेच धरायला लावला होता, हे त्याने नंतर अभिमानाने सांगितले. जाताना ताम्हिणीचा उतार होता, काही जाणवले नाही. दोन दिवस समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात सायकल उघड्यावर राहिली, आणि परतीच्या चढावर क्रँक दळण दळल्यासारखी करकरू लागली. शेवटचा टप्पा त्याने टेंपोत सायकल टाकून पार केला.

ती सायकल मी उघडली तेव्हा सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी केली, तर नळीतून काळ्या चहाच्या रंगाचे पाणी फरशीवर सांडले. डावा कप सोडला. आतले ग्रीस फेसाळून आंबट ताकासारखे पांढुरके झाले होते. या प्रकारच्या बीबीत प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे सुटे बसतात. त्यांतले चार गंजून कपाला चिकटले होते, आणि आसाच्या ज्या उतरत्या कडेवर ते फिरतात तिच्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. छर्रे नवीन मिळतात, स्वस्त मिळतात, पण खड्डे पडलेल्या आसावर नवे छर्रे घालणे म्हणजे खडबडीत पाट्यावर नवा वरवंटा घेण्यासारखे आहे. आस, कप, छर्रे असे सगळेच बदलावे लागले. सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे आस आणि बेअरिंग एकाच बंद नळकांड्यात असलेली बीबी, असती तर वाचली असती का, असे मित्राने विचारले. कदाचित काही दिवस जास्त टिकली असती. तिचे रबरी सील धूळ आणि शिंतोडे अडवण्यासाठी असतात, पंपाचा फवारा अडवण्यासाठी नसतात.

माझी स्वतःची सवय अशी आहे, की जूनच्या पहिल्या आठवड्यात सीटपोस्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवतो आणि क्लॅम्पच्या फटीवर जुन्या ट्यूबचा चार बोटे रुंद तुकडा मोज्यासारखा चढवतो. शेलच्या तळाला निचऱ्याचे भोक असेल, तर तुटलेल्या स्पोकने ते मोकळे करतो. अनेकांच्या सायकलींवर ते मातीने लिंपलेले असते आणि पाणी आत कोंडून राहते. मोठ्या पावसात भिजून आल्यावर सीटपोस्ट काढून फ्रेम अर्धा तास उलटी टांगतो. धुण्यासाठी बादली, मग आणि जुना ब्रश एवढेच वापरतो. हे सगळे कंटाळवाणे आहे हे मला ठाऊक आहे, पण ज्यांना याचा कंटाळा येतो त्यांनाच दसऱ्याला माझ्या पार्किंगमध्ये यावे लागते.

दुसरी चूक पहिल्यासारखी हळूहळू मारत नाही, पाच मिनिटांत फ्रेमच संपवते. आपल्याकडच्या बहुतेक आधुनिक रोड आणि माउंटन सायकलींच्या आट्यांच्या बीबीत चेनकडच्या म्हणजे उजव्या कपाचे आटे उलटे असतात. कारण गमतीचे आहे. सैल मुठीत पेन्सिल धरून ती मुठीच्या आतल्या कडेकडेने गोल फिरवली, की पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला वळते. बेअरिंगवरचा फिरता भारही कपाला असाच लोळवत राहतो, म्हणून आटे असे ठेवले आहेत की या लोळण्याने कप सुटण्याऐवजी आवळला जावा. जुन्या इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात, आणि त्यांचा उजवा कप सुटत राहतो ही तक्रार तेवढीच जुनी आहे.

माझ्या भाच्याने एक व्हिडिओ अर्धा पाहून कार्ट्रिज काढायला घेतली. उजवी बाजू हलेना, तेव्हा त्याने पान्याच्या दांड्यावर पाण्याचा लोखंडी पाइप चढवला आणि सोडायच्या दिशेने, म्हणजे त्याच्या समजुतीने सोडायच्या दिशेने, अंगभर जोर लावला. मला फोन आला तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, ‘मामा, सुटलं एकदाचं.’ सुटले नव्हते. आधीच आवळलेला कप आणखी आवळला जाऊन अॅल्युमिनियमच्या शेलचे आटे सोलून निघाले होते. कपाबरोबर चांदीच्या तारेसारखी एक लांब गुंडाळी बाहेर आली. ती त्याने नीट कागदात बांधून मला दाखवायला आणली होती. त्या फ्रेममध्ये आता आट्यांशिवाय पाचरीसारखी फुगून बसणारी कार्ट्रिज घालून आम्ही काम चालवले आहे, पण माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही.

मी डावे-उजवे, घड्याळाची दिशा वगैरे लक्षात ठेवतच नाही, कारण सायकल उलटी केली की ते सगळे गोंधळते. सायकल चाकांवर सरळ उभी ठेवावी, पान्याचा दांडा वरच्या बाजूला घ्यावा. तो मागच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही कप आवळतात आणि पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही सुटतात. पायडलचे नेमके उलट, पुढे आवळते आणि मागे सुटते. (इटालियन फ्रेमच्या उजव्या बाजूला हा नियम चालत नाही, पण ती सायकल ज्याच्याकडे असते तो सहसा ते आधीच सांगून टाकतो.) बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार वेढे पाना न लावता नुसत्या बोटांनी फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर कप तिरका बसतो आहे. अशा वेळी पाना उचलणाऱ्याला मी सायकलपासून चार पावले लांब उभा करतो.

बाहेरून बसणाऱ्या बेअरिंगच्या, २४ मिलिमीटर पोकळ आसाच्या सायकलींवर डाव्या क्रँकच्या टोकाला प्लॅस्टिकचे छोटे झाकण असते. त्याचे काम फक्त ढिलाई काढण्याचे असते, क्रँक धरून ठेवण्याचे नसते. शिमानोच्या क्रँकवर ते ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे दोन बोटांनी जेमतेम, एवढेच आवळायचे असते आणि खरी पकड क्रँकवरच्या दोन बोल्टांची, १२ ते १४ न्यूटन-मीटरची असते. झाकण दात-ओठ खाऊन आवळले, की नवी कोरी बेअरिंग आडव्या दाबाखाली फिरू लागतात आणि लवकर खरखरतात.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. पातळ स्प्रे बेअरिंगच्या फटीत मारू नये. आवाज चार दिवसच थांबतो, कारण स्प्रेने ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेले असते. जुन्या छर्ऱ्यांत नवे मिसळू नयेत. चौकोनी आसावरची नवी क्रँक पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावी, कारण ढिली क्रँक तशीच चालवली तर तिचे अॅल्युमिनियमचे चौकोनी भोक गोलसर होते आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही. सायकल ‘ओव्हरऑइल’ (म्हणजे ओव्हरहॉल) करून दिली असे कोणी म्हटले, तर बीबी उघडली होती का एवढे विचारावे. पुष्कळदा त्या तेलाचा आतल्या छर्ऱ्यांशी काही संबंध आलेला नसतो.

आणि आवाज आला म्हणजे बीबीच गेली, हे आधी डोक्यातून काढावे. पोकळ नळ्यांच्या फ्रेममध्ये आवाज कुठून कुठेही ऐकू येतो. सीटवरून उठून पायडल मारल्यावर आवाज बंद झाला, तर दोष सीटपोस्ट किंवा सीटच्या क्लॅम्पचा असण्याची शक्यता जास्त. पायडल बदलून पाहावे, चेनरिंगचे, म्हणजे क्रँकवरच्या दातेरी चाकाचे, बोल्ट आवळून पाहावेत. मग चेन खाली उतरवून दोन्ही क्रँकची टोके धरावीत आणि आडवी हलवून पाहावीत : एकच क्रँक हलली तर ती ढिली आहे, दोन्ही एकत्र हलल्या तर बीबी ढिली आहे. शेवटी एक हात फ्रेमच्या सीटखालच्या नळीवर ठेवून दुसऱ्या हाताने क्रँक सावकाश फिरवावी. आत माती गेली असेल तर कानांना काही कळण्याआधी तळहाताला वाळू सरकल्यासारखे जाणवते. गेल्या वर्षी एक गृहस्थ दुकानातून दोनदा बीबी बदलून माझ्याकडे आले होते. त्यांच्या डाव्या पायडलचे आटे कोरडे होते. ग्रीस लावून ते परत बसवायला मला चहा गाळून होण्याइतका वेळ लागला, आणि काढलेल्या दोन्ही चांगल्या बीबी त्यांनी दुकानातच टाकून दिल्या होत्या.