सायकलच्या ट्यूबची मान

“सर, उजवीकडची पट्टी ओढली तं मुंडकं डावीकडं काहून वळते?”

आठवीतल्या एका पोरीनं हे विचारलं, त्या दिवशी मला वाटलं की आपलं मॉडेल जमलं. मानेचा सगळा कारभार या एका प्रश्नात येतो. तो मुलांच्या तोंडून निघावा म्हणून मी गेली काही वर्षं मान आणि पाठीचा कणा वर्गात बांधून घेतो. कसा, ते इथे लिहितो. मी राळेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या माया दिवाळीपासून पुढे कापूस वेचतात. माझीही वेचायची. कष्टाला आपण ‘मान मोडून काम करणं’ म्हणतो. ती मान नेमकी कशानं उभी आहे हे पोरांना हातानं चाचपून कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सामान सगळं गावातलंच लागतं. तीन जाडीचे बांबू, सायकल दुरुस्तीवाल्याकडच्या टाकाऊ ट्यूबा, तुटक्या स्लिपरा, खराट्याच्या काड्या, सुतळी, कुंपणाची जाड तार, जाड पुठ्ठा, जुन्या लुगड्याचा तुकडा, थोडी लाल आणि पिवळी वायर, आणि डोक्यासाठी एक वाळलेला गोल भोपळा. भोपळा हलका असतो, म्हणून तो घ्यायचा. खऱ्या माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते वजन कळायला पाच किलो तुरीची पिशवी मुलांच्या हातात द्या. आधी छातीशी धरायला सांगा, मग हात लांब करून. हात थरथरला की मान पुढे वाकल्यावर मागच्या स्नायूंवर काय बेतते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आधी कणा. बांबूचे २४ तुकडे कापा: मानेचे ७ बारीक आणि दीड सेंटिमीटर उंचीचे, छातीचे १२ मध्यम आणि दोन सेंटिमीटरचे, कमरेचे ५ जाड आणि तीन सेंटिमीटरचे. खाली त्रिकास्थीसाठी लाकडाची पाचर. तिथले पाच मणके मोठेपणी जुळून एक होतात. टोकाला माकडहाड. प्रत्येक तुकड्याला तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडून खराट्याच्या काड्या बसवायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे. स्वतःच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जे मणी लागतात ती मागची काडी. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी सगळ्यांत जास्त वर येतो तो बहुधा सातवा मणका. मुलांना एकमेकांचा शोधू द्या आणि तिथून खाली मोजू द्या.

मणक्यांमध्ये गाद्या लागतात. स्लिपरच्या तळाचे काप कमरेला, ट्यूबचे दोन-दोन थर मानेला. गाद्या २३च करा, एकही जास्त नको. कवटी आणि पहिला मणका यांच्यात गादी नसते, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यातही नसते. इथे थोडं थांबा, कारण मान हलते ती मुख्यतः या दोन ठिकाणी. पहिला मणका नुसतं कडं आहे, आकाश पेलणाऱ्या ग्रीक अ‍ॅटलासचं नाव त्याला दिलं आहे. मान डोलवून ‘हो’ म्हणतो ते कवटी आणि या कड्याच्या सांध्यात. दुसऱ्या मणक्याला वर खुंटी असते आणि कडं तिच्याभोवती फिरतं, जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते तसं. ‘नाही’ म्हणतो ते तिथे. मान वळण्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं. मॉडेलमध्ये कुंपणाची तार पाचरीपासून वर आणा, मानेला आणि कमरेला पुढे, छातीला मागे बाक द्या, आणि तारेचं वरचं टोक म्हणजेच ती खुंटी. भोपळा तिच्यावर सैल बसवा. सैल नसला तर पुढचं काही होणार नाही. (तार पोकळीतून जाते ही आपली सोय. खऱ्या मणक्यात भरीव हाड पुढे असतं आणि मज्जारज्जूची वाट त्याच्या मागून. हे मुलांना सांगून टाका, नाहीतर ती परीक्षेत बांबू काढतील.)

बरगड्यांच्या बाराही जोड्या करत बसू नका. कमटीची चार कडी, समोर छातीच्या हाडाची पट्टी आणि दोन्ही बाजूंना कॉलर बोनच्या कमट्या एवढं पुरे. पुठ्ठ्याचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, मात्र नीट त्रिकोणी कापा आणि कॉलर बोनच्या बाहेरच्या टोकालाच तारेनं अडकवा, दुसरीकडे कुठेच नाही. आपला सगळा हात धडाच्या हाडांशी जोडलेला आहे तो फक्त कॉलर बोन आणि छातीच्या हाडाच्या त्या छोट्या सांध्यानं. बाकी खवाटा स्नायूंवर तरंगतो. पाण्याची गुंडी, बादली, फवारणीचा पंप, खांद्यावर आलेलं प्रत्येक ओझं त्यामुळे मानेच्या स्नायूंपर्यंत जातं.

आता स्नायू. एक नियम फळ्यावर लिहून ठेवा: स्नायू ओढतो, ढकलत नाही. म्हणून प्रत्येकाला जोडीदार लागतो. ट्यूबच्या पट्ट्या कापा, दोन्ही टोकं खिळ्यानं किंवा सुतळीनं पक्की बांधा आणि कोणती पट्टी कुठून कुठे जाते एवढंच पाहा. काम आपोआप कळतं, नाव मागून सांगितलं तरी चालतं.

पहिली पट्टी कानामागच्या हाडाच्या उंचवट्यापासून तिरपी पुढे उतरते, खाली तिचे दोन पाय होतात, एक छातीच्या हाडावर आणि एक कॉलर बोनवर. हिचं नाव स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. नाव लांब आहे, पण त्यात तिन्ही पत्ते लिहिलेले आहेत. आता उजवी पट्टी ओढा. तिचं वरचं टोक खुंटीच्या मागच्या बाजूला आहे, ते पुढे खेचलं जातं, म्हणून तोंड डावीकडे फिरतं. हेच त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. ते मी तिला दिलं नाही. “हनुवटीवर डावा हात ठेव, तो दाबत तोंड डावीकडे वळव आणि उजव्या हातानं गळा चाचप,” एवढंच म्हटलं. दोरखंडासारखा स्नायू बोटाखाली आला तेव्हा ती ओरडलीच.

मानेच्या बाजूनं वरच्या दोन बरगड्यांवर उतरणाऱ्या तीन बारीक पट्ट्या स्केलीनच्या. पुढची आणि मधली यांच्या फटीतून पिवळी वायर काढा. हाताला जाणाऱ्या नसा तिथून जातात.

लुगड्याचा तुकडा ट्रॅपेझियससाठी. डोक्याच्या मागच्या टेंगळापासून छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत आणि दोन्ही खांद्यांपर्यंत पसरलेला, दोन्ही बाजू मिळून थेट पतंगाचा आकार. वरचा भाग खांदा उचलतो, मधला मागे ओढतो, खालचा खाली खेचतो. मेंदूतून निघणारी अकरावी नस याला आणि स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला चालवते, म्हणून डॉक्टर खांदे उडवायला आणि मान वळवायला सांगून ती नस तपासतात.

लुगडं एका बाजूनं मोकळं ठेवा, कारण त्याच्या खालची पट्टी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या आडव्या काड्यांपासून निघून ती खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला येते. नाव लेव्हेटर स्कॅप्युली. पहिलं मॉडेल घरी नेलं तेव्हा मायनं चष्मा लावून पाहिलं, नेमक्या त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे पाय, इथंच ठणकते माये. वेचून आली का रातभर.” इतकी वर्षं मी तिला मानेला बाम लावून देत होतो. जागा चार बोटं खाली होती.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला कोमट लोणी-हळद लावून खांदशेकणी करतात. बैलाच्या मानेतही सातच मणके असतात, जिराफाच्याही तेवढेच. जूखालचा खांदा दुखत असेल हे गावाला कळतं. वेचणीहून आलेल्या बाईचा दुखतो हेही कळायला पाहिजे, म्हणून हे मॉडेल पालकसभेच्या दिवशी मी दारातच ठेवतो.

पाठीसाठी सुतळीचे तीन दोर प्रत्येक बाजूला, कमरेपासून वर. बाहेरचा बरगड्यांना अडकत जातो, मधला सगळ्यांत लांब आणि कवटीपर्यंत पोचतो, आतला मागच्या काड्यांना धरून. तिघांना मिळून इरेक्टर स्पायनी. त्यांच्या खाली दोन-चार मणके ओलांडून तिरपे जाणारे आखूड तुकडे मल्टिफिडसचे, वेळ असेल तर लावा.

हे लावून झालं की मॉडेल बाजूला ठेवा. दोन्ही अंगठे कमरेच्या मणक्यांच्या बाजूला ठेवून मुलांना हळूहळू वाकायला सांगा. अर्ध्यापर्यंत तिथले दोर कडक होतात. पूर्ण लोंबतं वाकलं की मऊ पडतात. लंडनच्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५५ साली विद्युत नोंदी घेऊन हेच दाखवलं: पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू गप्प होतात आणि भार कण्यामागच्या बंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर, जातो. आता शेत आठवा. कापूस वेचताना बाई अर्धी वाकलेली असते, स्नायूंना सुट्टीच नाही, वर पुढे बांधलेली ओटी भरत जाते. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या रोवणीत पूर्ण वाकलेली, तिथे बंध ताणले जातात. दोन्हींत दुखते कंबरच, पण कारण वेगळं. ओटी काठोकाठ भरायच्या आधी रिकामी करा, आणि बराच वेळ वाकून काम केल्यावर एकदम ओझं उचलू नका, आधी क्षणभर सरळ उभ्या राहा. मायला मी एवढंच सांगितलं आणि एवढं तिनं ऐकलं.

चेहऱ्याचे स्नायू मॉडेलवर लावू नका, ते नीट होत नाहीत. त्यातले बरेच हाडाऐवजी कातडीला ओढतात. दात दाबून गालावर आणि कानशिलावर हात ठेवला की चावण्याचे दोन मोठे स्नायू कळतात. तेवढं पुरे.

लाल वायर शेवटी, आणि ती विसरू नका. मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या आडव्या काड्यांच्या मुळाशी भोकं पाडून दोन्ही बाजूंनी ती वर मेंदूकडे न्या. या मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत आणि त्या हाडाच्या भोकांतून जातात. आता भोपळा झटक्यानं फिरवा आणि वायरीला कसा पीळ पडतो ते मुलांना पाहू द्या. दाढीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय मलाही होती. ही वायर ओवली तेव्हापासून सोडली, कारण अशा झटक्यात ती धमनी फाटू शकते. मुलांना घरी जाऊन बापाला सांगायला लावा. हातापायातली ताकद गेली, मुंग्या जाईनात, लघवीवरचा ताबा सुटला, तर चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही त्याच तासाला सांगा.

मार्चनंतर वर्ग तापतो आणि ताणलेली ट्यूब तडकते. परीक्षा झाली की पट्ट्यांची खालची टोकं सोडा, पावडर लावून पिशवीत भरा, आणि कोणती पट्टी कुठली ते चिठ्ठीवर मुलांच्याच हातानं लिहून घ्या. जूनमध्ये नवा वर्ग ती चिठ्ठी वाचून परत बांधतो.