मुलाखतीआधी वहीत स्वतःचं काम लिहा

सोलापुरात नोकरी शोधताना चार ठिकाणांहून उत्तर आलं नाही की वाटतं, आपल्याला काहीच येत नाही. अशा वेळी शंभर पानी वही घ्या आणि आजवर केलेलं काम आकड्यांसकट लिहा. घरच्या यंत्रमागाचं कामही मोजा. 'टॉवेलच्या कारखान्यात होतो' एवढ्यावर थांबू नका. 'रोज 40 गठ्ठे मोजायचो, मालाचं चलान बनवायचो, सुताचा हिशेब ठेवायचो' असं लिहा. मग तेच मोठ्याने बोला. सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी फिरताना बोललात तरी चालेल, कुणी बघत नाही. पहिल्या दिवशी जीभ अडखळते. आठवडाभरात वाक्यं आपली वाटू लागतात. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तेही सांगा. सोलापूरच्या बाजारात ते रोज उपयोगी पडतं, आणि आपली मुलं नेमकं हेच लपवतात याचं मला फार वाईट वाटतं.

मुलाखत चिंचोळी एमआयडीसीत असेल तर आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या. पत्ता शोधण्याची धडधड तिथेच संपते.

नकार आला तर वहीत तारीख टाका, कुठला प्रश्न अडला तो लिहा आणि त्याच संध्याकाळी पुढचा अर्ज भरा.