बर्बन घरी पिताना पाणी, बर्फ आणि ग्लासच्या या चुका टाळा

अमेरिकेहून आलेल्या भावाने ड्युटी-फ्रीतून बर्बन, म्हणजे तिथली मक्याची व्हिस्की, आणलेली असते. चार जण जमतात, सील फुटतं, पहिला घोट जातो आणि कोणीतरी म्हणतं, "छे, नुसतं स्पिरिट लागतंय!" हे मी बऱ्याच घरांत ऐकलंय, आणि दर वेळी त्या बाटलीबद्दल वाईट वाटलंय. दोष बाटलीत क्वचितच असतो. बिघडतं ते सील फुटल्यावर, आणि बहुतेक वेळा पाण्यामुळे.

कुठलं पाणी?

एका उन्हाळ्यात नात्यातल्या एका घरी बोअरचं पाणी चालू होतं. त्या पाण्याचा चहासुद्धा काळपट व्हायचा. तेच पाणी ग्लासात पडलं आणि तांबूस सोनेरी बर्बन बघता बघता करडी झाली, कोणीतरी शाईचा थेंब टाकल्यासारखी. सगळ्यांना वाटलं, माल नकली आहे. माल अस्सल होता, पाण्यात लोह होतं. बर्बन ओकच्या कोऱ्या, आतून जाळलेल्या पिंपात मुरते आणि लाकडातलं टॅनिन, चहात असतं तेच तुरट द्रव्य, तिच्यात उतरतं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळं होणारच, जुन्या काळची शाई याच जोडीतून बनायची. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हा धंदा बहरला त्यात तिथल्या चुनखडीच्या खडकाचा मोठा वाटा आहे. त्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम असतं, पण लोह जवळजवळ नसतं. म्हणून तुमच्या घरी चहा काळा पडत असेल, तर ते पाणी ग्लासात घेऊ नका.

आरओचं पाणी चालतं. चव सपाट असली तरी ते मध्ये लुडबुड करत नाही. खाऱ्या, जड पाण्याने गोडवा दबतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून, गार करून घ्या. माठातलं पाणी मला एरवी जिवापाड आवडतं, पण त्याचा मातकट वास बर्बनमधल्या व्हॅनिलावर बसतो, इथे ते नकोच.

किती पाणी?

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक हीच होते. साठचा पेग ओतायचा आणि वर ग्लास भरेपर्यंत पाणी किंवा सोडा. २०१३ मध्ये मेकर्स मार्क या कंपनीने आपल्या बर्बनमधलं मद्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ४२ वर आणायचं जाहीर केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी इतका ओरडा केला की काही दिवसांतच कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. फरक फक्त ३ टक्क्यांचा होता. आपण घरी एका हिसक्यात ती १५ टक्क्यांवर आणतो आणि मग म्हणतो, चवच नाही.

पण पाणी घालणं म्हणजे पाप असंही नाही. 'नीट', म्हणजे काहीही न मिसळताच प्यायची, हा हट्टही तितकाच चुकीचा. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर व्हिस्कीच्या रेणूंचं प्रारूप मांडून दाखवलं की पाणी वाढलं की ग्वायकॉलसारखे वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. मद्याचं प्रमाण खूप जास्त असेल तर ते आतच अडकून राहतात. म्हणजे थोडं पाणी वास मोकळा करतं.

हिशोब सोपा आहे. आधी लेबलवर टक्के बघा. अमेरिकेत 'प्रूफ' लिहितात, त्याचं निम्मं म्हणजे टक्के. 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली बाटली १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के असते. त्यातली ६० मिलि ४० टक्क्यांवर आणायला १५ मिलि पाणी लागतं, तीन चहाचे चमचे. एकदम ओतू नका. एक चमचा घाला, मिनिटभर थांबा, वास घ्या, मग दुसरा. बाटली मुळातच ४० टक्क्यांची असेल तर दोन-चार थेंब पुरतात. पाण्याने किंवा बर्फाने बर्बन किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका. काही बाटल्या थंड करून गाळलेल्या नसतात, त्यांतले तेलकट घटक तसे दिसतात.

बर्फ

घरचा फ्रीझर उघडा आणि आत काय आहे ते बघा: बांगडा, मटण, वाटलेलं आलं-लसूण. उघड्या ट्रेमधला बर्फ हे सगळे वास शोषतो आणि ते थेट तुमच्या ग्लासात उतरतात. बर्फ झाकणाच्या डब्यात लावा, दोन-तीन दिवसांत संपवा. चुरा नको, मोठा खडा घ्या. तो सावकाश वितळतो. बाटली मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नका, गारठलेल्या बर्बनला वासच राहत नाही.

ग्लास

स्टीलचा पेला नको, हे सांगायला नकोच. सरळ रुंद ग्लास बर्फासोबत ठीक आहे. बिनबर्फाची प्यायची असेल तर खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा ग्लास त्याच कामासाठी बनलाय, तो नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. नाक आत खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून कडेवरून हलकेच वास घ्या, स्पिरिटचा तो झणका नाकात जात नाही.

ओतण्याआधी रिकाम्या ग्लासाचाही वास घ्या. लिंबाच्या साबणाचा, ओल्या फडक्याचा किंवा कपाटाचा वास त्यात हमखास सापडतो. गरम पाण्याने विसळा आणि आपोआप सुकू द्या.

चखण्याबद्दल एवढंच: तिखट शेव आणि मसाला शेंगदाण्यांनी जीभ बधिर होते. मक्याचं प्रमाण किमान ५१ टक्के असलेल्या या दारूला कॅरॅमलसारखा गोडवा असतो. तिच्याशी लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की जशी जुळते, तसं माझ्या मते दुसरं काहीच नाही.

महाराष्ट्रात असाल तर परवाना लागतो आणि कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण हवं, तेवढं बघून घ्या.

उरलेली बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब. वाइनसारखी आडवी ठेवली तर कडक मद्य बूच कुरतडतं. तळाशी पावभरच उरली असेल तर आतल्या हवेने चव उतरत जाते, ती छोट्या काचेच्या बाटलीत काढून घ्या. बुचाचे कण पडले असतील तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा, चहाच्या गाळणीतून नको. तिला धुतल्यावरही चहाचा वास असतो.