क्रिप्टोत मोठा लॉस झाल्यावर पहिले काही दिवस कसे काढायचे

11 ऑक्टोबर 2025, शनिवारची पहाट, आपल्याकडे पावणेतीन वाजले असतील. ट्रम्पनी चीनवर 100 टक्के जादा टॅरिफची घोषणा केली आणि बिटकॉइन बघता बघता खाली आला, आल्टकॉइनची, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या कॉइनची, तर वाटच लागली. 24 तासांत 19 अब्ज डॉलरच्या वर लिव्हरेजच्या, म्हणजे उधारीवर फुगवलेल्या, पोझिशन लिक्विडेट झाल्या, म्हणजे जबरदस्तीने बंद केल्या गेल्या, 16 लाखांच्या आसपास अकाउंट त्यात सापडले आणि त्यातलं एक माझं होतं. 10 एक्सवर, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या दहापट रकमेने, एक आल्टकॉइन लाँग (भाव वर जाईल या अंदाजावर) धरून ठेवला होता, 90 हजार मार्जिन, म्हणजे मी स्वतः लावलेला पैसा, गेलं. दिवाळीला दहा दिवस राहिले होते आणि तो बोनसचा पैसा होता.

पण मला सांगायचंय ते पुढचं. ते 90 हजार मार्केट पडल्यामुळे गेले, त्यानंतरचे 60 हजार मी स्वतः घालवले, साडेतीन ते सहाच्या मध्ये. पडतंय म्हणून 20 एक्स शॉर्ट (भाव अजून पडेल यावर) मारला तर मार्केट उसळी मारून वर आलं, मग परत लाँग घेतला, यूपीआयने परत पैसे टाकले, परत उडालं. सहाला आई पाणी भरायला उठली तेव्हा मी किचनच्या दारात उभा होतो, फोन हातात तापलेला, चार्जिंग 4 टक्के, आणि ती विचारतेय की एवढ्या लवकर कसा उठलास. मला तोंडातून शब्द फुटेना. म्हणून ज्यांचा नुकताच लॉस झालाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, आत्ता लगेच, हाताशी पैसे येण्याचे रस्ते बंद करा. ओपन ऑर्डर कॅन्सल करा, फ्युचर्स वॉलेटमध्ये, म्हणजे लिव्हरेजच्या ट्रेडसाठी ठेवलेल्या पैशात, जे उरलंय ते बँकेत काढून घ्या, बँकेच्या अॅपमध्ये यूपीआयची रोजची लिमिट कमी करता येत असेल तर ती कमी करा, आणि एक्स्चेंजचं अॅप फोनमधून उडवा. अकाउंट राहू दे, अॅप उडवा. किमान तीन दिवस. मी कंट्रोल करीन असं म्हणून भागत नाही, कारण लॉसच्या रात्री डोकं एकच गोष्ट बघत असतं की गेलेला आकडा परत दिसला पाहिजे, आणि त्या नादात माणूस पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, सोनं गहाण इथपर्यंत जातो. कर्ज काढून ट्रेड अजिबात नको, त्यात आगीतून फुफाट्यात जायला एक रात्र पुरते.

शेअर मार्केटला निदान साडेतीनला शटर पडतं, लॉस झालेला माणूस सकाळी सव्वानऊपर्यंत काही करूच शकत नाही, तेवढ्यात जेवण होतं, झोप होते, घरचं कुणीतरी बोलतं. क्रिप्टोला शटरच नाही. रविवारी चालू, रात्री तीनला चालू, लक्ष्मीपूजनालाही चालू. त्यामुळे शटर आपणच ओढायचं आणि त्याची वेळ आधी ठरवायची. माझी रात्री अकराची आहे, अकरानंतर नवीन ट्रेड नाही, फोन हॉलमध्ये चार्जिंगला. आणि दिवसात दोन लॉस झाले की अकरा वाजायची वाट नाही बघायची, दुपारचे बारा असले तरी त्या दिवसाचं काम संपलं.

तीन दिवस झाले की वही घ्या, साधी शाळेची वही, आणि खरा आकडा लिहा. अॅपवरचा डॉलरमधला नाही, रुपयांत किती टाकले आणि किती परत आले तो. हात थरथरतो लिहिताना पण लिहा. मग हे गणित बघा: 20 टक्के गेले तर भरून काढायला 25 टक्के कमवावे लागतात, 50 गेले तर 100, 80 गेले तर 400. एका ट्रेडमध्ये रिकव्हर करू म्हणणारा माणूस म्हणूनच जास्त लिव्हरेज घेतो, आणि 10 एक्सला भाव 10 टक्के उलटा गेला की, खरं तर त्याच्या जरा आधीच, मार्जिन साफ होतं. क्रिप्टोत 10 टक्के म्हणजे एखाद्या दिवसाची हालचाल.

वहीत प्रत्येक ट्रेडपुढे एवढंच लिहा की नियम पाळून लॉस झाला का नियम मोडून. माझ्या त्या रात्रीच्या पाच ट्रेडपैकी पाचही दुसऱ्या प्रकारचे होते. नियम पाळून झालेला लॉस हा धंद्यातला खर्च आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरा प्रकार थांबवायचाय.

परत सुरू करायचंच असेल तर स्पॉटमध्ये, म्हणजे पूर्ण पैसे देऊन कॉइन विकत घेऊन, छोट्या रकमेने. समजा 50 हजार कॅपिटल आहे, एका ट्रेडला 1 टक्का रिस्क म्हणजे 500 रुपये. कॉइन 100 ला घेताय आणि स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकायची ऑर्डर, 95 ला आहे, म्हणजे 5 टक्के खाली, तर 500 भागिले 5 टक्के, म्हणजे 10 हजारांचाच माल घ्यायचा, सगळे 50 हजार लावायचे नाहीत. स्टॉपलॉस एंट्रीबरोबरच टाकायचा आणि खाली सरकवायचा नाही. अर्थात त्या ऑक्टोबरसारख्या रात्री लावलेल्या भावालाच कटेल याची खात्री नसते, म्हणून रक्कम छोटी आणि लिव्हरेज शून्य.

आणि पडतंय म्हणून ऍव्हरेज करत, म्हणजे खालच्या भावात अजून घेत, बसू नका प्लीज. मे 2022 मध्ये लुना नावाचा कॉइन 80 डॉलरच्या वर होता, साधारण आठवडाभरात एका सेंटच्याही खाली गेला. 80 चा 10 ला मिळतोय, केवढा स्वस्त, म्हणून ज्यांनी घेतला त्यांचेही जवळपास सगळे पैसे गेले.

टॅक्सचंही बघून ठेवा, लॉसनंतर तो जास्त झोंबतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स आणि त्यावर सेस आहे, आणि एका कॉइनचा लॉस दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे स्पॉटमध्ये एकात 50 हजार कमवले आणि दुसऱ्यात 50 हजार घालवले तर हातात काही नाही, तरी 15,600 भरायचे. शिवाय प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो रिटर्नमध्ये अॅडजस्ट होतो पण तोवर पैसा अडकतो. रिव्हेंज ट्रेडिंग, म्हणजे लॉसच्या रागात तो भरून काढायला ट्रेड, करणारा दिवसाला दहा वेळा विकतो, त्याचं कॅपिटल नुसत्या कापण्यातच किती झिजत असेल बघा.

एक धोका वेगळा सांगतो. लॉस झाला असं कुठे लिहिलंत की टेलिग्रामवर लगेच मेसेज येतात, तुमचे पैसे रिकव्हर करून देतो, आधी थोडी फी भरा. ते सगळे फसवणारे. फी भरू नका, भरली असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे, घरी सांगणं. मी चार दिवस लपवलं, चौथ्या दिवशी बायकोला वही दाखवली. ती रडली, चिडली, दोन दिवस धड बोलली नाही, मग आम्ही दोघांनी बसून महिन्याचा हिशोब परत लावला आणि दिवाळीला नवीन काही न घेता काढली. आता दर रविवारी ती वही बघते. तुमचंही असं कुणीतरी एक असू दे, बायको, भाऊ, मित्र, ज्याला खरा आकडा माहितीय. आणि झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर वाट बघू नका, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. पैशाच्या लॉससाठी तिथे कशाला फोन करायचा असं मनात येईल, तरी करा.