करंज बायोडिझेलवरील इंजिनाच्या पिस्टनला सिरॅमिकचा थर देताना

विहिरीवरचे किंवा जनरेटरचे एका सिलिंडरचे इंजिन करंजाच्या बायोडिझेल मिश्रणावर चालवणाऱ्यांना पिस्टनच्या माथ्यावर झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइड या सिरॅमिकचा) उष्णता अडवणारा थर देणे उपयोगी पडू शकते. मात्र आधीचे लेथकाम आणि नंतरचे इंजेक्शनचे टायमिंग (इंधन फवारण्याची वेळ) सांभाळले नाही, तर थराचा खर्च वाया जातो.

प्रथम, थर न देताच, इंजिन बी-20 वर म्हणजे 20 टक्के बायोडिझेल असलेल्या मिश्रणावर चालवावे आणि ठरावीक लोडला ताशी किती इंधन लागते, एक्झॉस्ट किती तापतो, याची नोंद ठेवावी. ही नोंद नसेल, तर पुढे दिसणारा फायदा थराचा की इंधन फवारणाऱ्या नव्या नोझलचा, हे ठरवता येत नाही. कच्चे करंज तेल मिसळू नये. इंधनमार्गातील नायट्राइल रबराचे सील काढून व्हायटॉनचे (फ्लोरिनयुक्त रबराचे) बसवावेत.

थर दोन पदरांचा असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम झिर्कोनियाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे नुसता सिरॅमिक माथ्यावर टिकत नाही; म्हणून खाली निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि यिट्रियम यांच्या मिश्रधातूचा सुमारे 100 मायक्रॉनचा पदर आणि त्यावर 7 ते 8 टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियाचा 250 मायक्रॉनचा पदर द्यावा. जाड थराने उष्णता अधिक अडते हे खरे, पण तो सुटतोही लवकर.

दोन्ही पदर मिळून 0.35 मिमी होतात. स्ट्रोक 110 मिमी आणि कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) 17.5 असलेल्या इंजिनात माथा न उतरवता हा थर दिला, तर रेशो सुमारे 18.4 वर जातो आणि पिस्टन व हेड यांमधले अंतरही तेवढे घटते. म्हणून माथा, आणि त्यात खळगा असेल तर तोही, आधी 0.35 मिमीने उतरवून घ्यावा व धारदार कडा गोल कराव्यात, कारण थर सुटायला सुरुवात कडेपासूनच होते. हे काम सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील चांगल्या लेथवर होईल; प्लाझ्मा स्प्रे, म्हणजे अतितप्त वायूच्या झोताने पावडर वितळवून थर फवारणे, मात्र साध्या वर्कशॉपचे काम नव्हे, ते त्यातल्या जाणकारांकडेच द्यावे. रिंगच्या खाचा व स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) झाकून ठेवावेत, ग्रिट ब्लास्टिंगनंतर (कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरबरीत केल्यावर) विलंब न लावता स्प्रे करावा आणि त्या वेळी पिस्टन 200 अंश सेल्सिअसच्या आत ठेवावा, असे स्पष्ट लिहून द्यावे. लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) थर देण्याचा मोह टाळावा. तिथे तेलाचा पातळ पडदा टिकणे अधिक महत्त्वाचे आहे.

जोडणी करताना शिशाची तार दाबून पिस्टन-हेडमधील अंतर पुन्हा मोजावे. माथा तापलेला राहिल्याने घट्ट बायोडिझेलची वाफ लवकर होते, पेट लवकर घेतला जातो आणि धूर घटतो, पण नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात. त्यावर उपाय म्हणून इंधन पंपाखालील शिम (पातळ पत्र्या) वाढवून इंजेक्शन 2 ते 3 अंश उशिरा आणावे. सोलापूरच्या मे महिन्यात आत येणारी हवाच चाळिशीपार गेलेली असते आणि तापलेल्या भिंती ती आणखी विरळ करतात, म्हणून त्या दिवसांत पूर्ण लोडची अपेक्षा धरू नये.

सुरुवातीच्या काही दिवसांच्या कामानंतर हेड उघडून माथा तपासावा. कडेचा टवका निघालेला दिसला, तर इंजिन तसेच चालवू नये, कारण झिर्कोनियाचा चुरा लायनरवर ओरखडे पाडतो. पिस्टन बदलावा आणि तेलही बदलावे.