होडी आधी सुटली की पाऊस आधी आला? पाचवी ते आठवीच्या इंग्रजीचा सराव घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

शाळेत इंग्रजी विषय पहिल्यांदाच हाती आलेल्या, किंवा बी.एड. करता करता गावातल्या मुलांची शिकवणी सुरू केलेल्या तरुण शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. मी मालवणच्या किनारपट्टीवर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. शाळा सुरू झाली की कुणी ना कुणी नवे शिक्षक विचारतातच, 'बाई, आधी व्याकरण संपवू की उतारे घेऊ?' माझं उत्तर पक्कं झालेलं आहे. उतारा घ्या आणि व्याकरण त्याच्यातूनच काढा. नियमांची वही वेगळी आणि उताऱ्यांची वही वेगळी असं चालवलंत, तर दोन्हीकडे मूल कच्चं राहतं.

का ते एका उदाहरणावरून सांगते. सातवीच्या वर्गात फळ्यावर ही तीन वाक्यं लिहा. 'द बोट लेफ्ट व्हेन द रेन स्टार्टेड.' 'द बोट वॉज लीव्हिंग व्हेन द रेन स्टार्टेड.' 'द बोट हॅड लेफ्ट व्हेन द रेन स्टार्टेड.' आता काळाचं नाव विचारू नका. एवढंच विचारा : पाऊस सुरू झाला तेव्हा होडी कुठे होती? पहिल्या वाक्यात पाऊस आला आणि होडी सुटली. दुसऱ्यात ती सुटण्याच्या बेतात होती, किनाऱ्यालाच होती. तिसऱ्यात ती केव्हाच निघून गेलेली. ज्या मुलाचा बाप खलाशी आहे त्याच्या दृष्टीने या तिन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. माझ्या वर्गात तिसऱ्या वाक्यावर एका मुलाने लगेच विचारलं, 'बाई, मगे होडी पावसात गावली काय नाय?' मी म्हटलं, हाच प्रश्न. याचं उत्तर 'हॅड' या एका शब्दात आहे. त्यानंतर पूर्ण भूतकाळाची व्याख्या कुणाकडून पाठ करून घ्यावी लागली नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे पाचवीत येणाऱ्या मुलाला अक्षरं येतात, फळांची, प्राण्यांची, रंगांची नावं येतात, कविता तर तोंडपाठ असतात. अडतं ते वाक्यावर. आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुलाची घरची भाषा मालवणी, शाळेतली प्रमाण मराठी, म्हणजे इंग्रजी त्याच्यासाठी तिसरी पायरी आहे. त्याने उताऱ्याचा अर्थ मालवणीत सांगितला तर अडवू नका. अर्थ कळलाय की नाही हे आधी बघा, इंग्रजीत मांडणं ही पुढची गोष्ट. 'इंग्लिशमध्ये सांग' म्हणून पहिल्याच मिनिटाला दटावलेलं मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही, आणि मग त्याला काय कळलं नाही हे आपल्याला कधीच कळत नाही.

चुका कुठे होतात ते बारकाईने पाहिलं तर बहुतेक चुकांची मुळं आपल्या भाषेत सापडतात. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला चिकटून येतं. 'माका दोन भाव आसत' हे मनात धरून मूल 'टू मी टू ब्रदर्स आर' लिहितं. त्याला 'चूक' म्हणून काट मारली की ते फक्त घाबरतं. त्याऐवजी अशी सगळी वाक्यं एकत्र करा : मला भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, मला ताप आहे, मला वेळ नाही. मराठीत 'मला', 'माझ्याकडे' अशी रूपं बदलतात, इंग्रजीत बहुतेक ठिकाणी 'आय हॅव' येऊन बसतं. एका तासात सगळ्या वर्गाची ही गाठ सुटते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो प्रश्नार्थक वाक्यांना. मराठीत 'तो मासे विकतो' याचा प्रश्न करायला शेवटी 'का' लावला की भागतं. इंग्रजीत 'डज' पुढे येतो आणि क्रियापदाचा 'स' गायब होतो, हे मुलांना विचित्र वाटतं. मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या करते. एका पट्टीवर 'ही', दुसरीवर 'सेल', तिसरीवर फक्त 'स', चौथीवर 'फिश'. वाक्य बाकावर लागलं की 'डू' ही पट्टी पुढे ठेवायची आणि 'सेल'च्या मागची 'स'ची पट्टी उचलून 'डू'च्या मागे लावायची. 'डज ही सेल फिश?' तो 'स' गेला कुठे, हे मुलं डोळ्यांनी पाहतात. 'सोल्ड'च्या वेळीही तेच : भूतकाळ 'डिड'ने उचलला, म्हणून क्रियापद पुन्हा 'सेल' झालं. 'डिड ही सोल्ड' ही चूक आठवीपर्यंत जात नाही अशी तक्रार सगळेच करतात. हाताने पट्ट्या हलवलेल्या मुलांत ती फार लवकर कमी होते. नकारार्थी वाक्यंही याच पट्ट्यांवर होतात, वेगळा धडा नको.

'अ', 'ॲन', 'द' यांचे नियम पाठ करून घेऊ नका. मराठीत ही सोय नाही, त्यामुळे पाठ केलेलं टिकत नाही. उताऱ्यात 'अ' दिसला की विचारा, ही गोष्ट आत्ता पहिल्यांदा आली का? 'द' दिसला की विचारा, ही कुठली, आधी कुठे भेटली? मागे जाऊन बोट ठेवायला लावा. हे व्याकरणही झालं आणि वाचनही. 'ही', 'शी', 'इट', 'दे' यांचंही तसंच. पेन्सिलीने सर्वनामापासून मागच्या नामापर्यंत बाण काढायचा. उतारा कळला नाही असं मूल म्हणतं तेव्हा पुष्कळदा त्याला शब्द अडलेला नसतो, 'दे' म्हणजे कोण हे सुटलेलं असतं.

आता उताऱ्याविषयी. पाचवीला साताठ वाक्यं पुष्कळ झाली. आठवीला पानभर चालेल. एक उतारा पूर्ण आठवडाभर वापरा, रोज नवा उतारा देण्याचा मोह टाळा. पहिल्या दिवशी तुम्ही मोठ्याने वाचा, मग मुलांनी मनात वाचायचं आणि पुस्तक मिटून काय कळलं ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी बाण, अडलेले शब्द. नंतर प्रश्न. मग त्याच उताऱ्यातली वाक्यं घेऊन व्याकरण. शेवटी मुलांनी स्वतः त्या उताऱ्यावर प्रश्न काढायचे आणि शेजारच्याला घालायचे. प्रश्न काढणारं मूल 'हू', 'व्हेअर', 'व्हाय' आणि 'डिड' जेवढं शिकतं तेवढं उत्तर देणारं शिकत नाही.

प्रत्येक उत्तराला माझा एकच सवाल असतो, 'ओळ दाखव.' बरोबर उत्तरालाही. ज्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात सरळ लिहिलेली असतात तिथे हे सोपं आहे. उत्तर ओळींच्या मधे दडलेलं असतं तिथे खरी मेहनत आहे. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, मी एक छोटा उतारा लिहिलाय, त्यात एक वाक्य आहे : 'द नेट वॉज हेवी, बट नोबडी स्माइल्ड.' प्रश्न असा की जाळ्यात चांगली मासळी होती का? रापणकरांची पोरं तडक सांगतात, 'जेलीफिश आसतली.' आता इथे थांबायचं. मासळी चांगली नव्हती हे उताऱ्यावरून सांगता येतं, कारण 'बट' आहे : जाळं जड, तरी कुणी हसलं नाही. जेलीफिश होते हे मात्र उताऱ्यात कुठेच नाही, ते तुझ्या डोक्यातलं आहे. ते खरंही असेल, पण या उताऱ्याचं उत्तर नव्हे. पहिलं अनुमान, दुसरा अंदाज, हा भेद मुलांना एकदा पटला की पर्याय निवडताना ती घसरत नाहीत. 'बट', 'सो', 'बिकॉज', 'ऑल्दो' या शब्दांना वर्तुळ करायची सवय याच वयात लावा.

उतारे आणायचे कुठून? बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. खालच्या इयत्तेचे पाठ वरच्या इयत्तेला न वाचलेला उतारा म्हणून द्या, कच्च्या मुलांचा धीर वाढतो. पण किनाऱ्यावर राहून फक्त पुस्तकावर थांबू नका. आपल्या आजूबाजूला इंग्रजी मजकूर भरपूर आहे : किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीवरच्या सूचना, होम-स्टेचे नियम, हॉटेलचं मेनूकार्ड, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं, एवढ्या माहितीवरही चार वाक्यांचा उतारा होतो, आणि किल्ला खिडकीतून दिसत असेल तर मुलं तो जीव लावून वाचतात.

मला सगळ्यात आवडणारा उतारा म्हणजे हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा. 'फिशरमेन आर ॲडवाइज्ड नॉट टू व्हेंचर इनटू द सी.' हे वाक्य आपल्या मुलांच्या घरी मोबाइलवर येतं. यात कर्मणी प्रयोग आयता आहे. सल्ला कुणी दिला? वाक्यात नाही. का नाही? कारण सांगणारा कोण यापेक्षा कुणाला सांगितलंय हे महत्त्वाचं. आठवीच्या मुलाला कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. पुढे वाऱ्याचा वेग येतो, ताशी 45 ते 55 किलोमीटर, आणि 'गस्टिंग टू 65'. इथे विचारा, वारा सतत 65 ने वाहणार आहे का? नाही, मधूनच तेवढे झोत येतील. मग 'लाइकली' हा शब्द : होणारच असं म्हटलंय की होण्याची शक्यता आहे? असे तीन प्रश्न सोडवणारं मूल घरी जाऊन हा इशारा आजोबांना नीट समजावून सांगू शकतं. इंग्रजी कशाला शिकायचं हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचणं ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे. बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे. 1832 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'दर्पण'च्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. वहीचं पान उभं दुमडून मी मुलांकडून हेच करून घेते. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे त्याचा अर्थ आपल्या बोलीत. आठवड्याने डावी बाजू झाकायची आणि उजवीकडे पाहून इंग्रजी वाक्य पुन्हा उभं करायचं. मूळ वाक्याशी ताडून पाहिलं की आपण 'द' कुठे गाळला, 'स' कुठे विसरलो, ते मूल स्वतःच शोधतं. शब्दाला शब्द मात्र नको, पूर्ण वाक्याचा अर्थ एकदम हवा.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घेत असाल तर थोडं वेगळं भान ठेवा. दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांना आणि बुद्धिमत्तेचे 50 प्रश्न 100 गुणांना असतात, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. उताऱ्यावर रेंगाळलेलं मूल बुद्धिमत्तेचे सोपे प्रश्न सोडून येतं. म्हणून इथे आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, मग ओळ शोधायची. शिवाय या परीक्षेच्या वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवावे लागतात, त्याचा सराव वेगळा घ्या. पण ही घाई परीक्षेआधीच्या काही आठवड्यांपुरती. जूनपासूनच घड्याळ लावून बसलात तर मुलं उतारा वाचणं सोडतात आणि पर्यायांवर नेम धरायला लागतात.

वर्षाचं नियोजन सरकारी कॅलेंडरवर न करता गावाच्या कॅलेंडरवर करा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरची माणसं घरी असतात, मुलंही नियमित येतात, तेव्हा प्रश्नार्थक वाक्यं आणि काळ यांचा पाया घालून घ्या. गणपतीच्या आधी आठवडाभर नवं काही सुरू करू नका. आंबा-काजूच्या दिवसांत हजेरी घटते, तेव्हा सुटे उतारे बरे, कारण एक दिवस बुडला तरी धागा तुटत नाही. पावसात वीज गेली की मोठ्याने वाचन घ्या. 'वॉक्ड'चा शेवट 'ट' ऐकू येतो, 'प्लेड'चा 'ड' आणि 'वॉन्टेड'चा 'टेड', हे अंधारात कानाने जास्त चांगलं कळतं.

पालक विचारतील, 'बाई, पोरगो इंग्लिश बोलाक कधी लागतलो?' त्यांना तारीख देऊ नका. त्यांना सांगा की रोज रात्री जेवणानंतर मुलाकडून पाच ओळी मोठ्याने वाचून घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्या भाषेत विचारा. आई-वडिलांना इंग्रजी येत नसलं तरी हे जमतं. मूल वाचतंय की नुसतं पुटपुटतंय हे कानाला कळतं, आणि सांगितलेला अर्थ जुळत नसेल तर तेही कळतं. पहिल्या पालकसभेत एवढं एकच काम त्यांच्याकडे सोपवा आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात त्या पाच ओळींपासून करा.