शंकरपट, विहीर आणि लोणार: वाइड घ्यावी की फिशआय?

वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेण्याआधी एक हिशोब मांडा: विषयाच्या किती जवळ जाता येणार आहे? क्रॉप सेन्सरवर (साध्या डीएसएलआरमधल्या लहान सेन्सरवर) १० मिमी लेन्स लावून १० मीटरवरून शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी टिपली, तर चार फुटी बैल फ्रेमच्या उंचीच्या जेमतेम बाराव्या भागात मावतात. बाकी सगळं आभाळ आणि धूळ. जोडी फ्रेमभर हवी तर दोन मीटरवर जावं लागेल, आणि धावत्या जोडीच्या इतक्या जवळ कुणीही उभं राहू नये. धावेसाठी लांबचं जवळ आणणारी ७०-३०० मिमी झूम वापरा. वाइड काढायची ती जुंपणीच्या वेळी, धुरकरी कासरे मुठीत घेतो तेव्हा.

साधी अल्ट्रावाइड (१० मिमीसारखी फार रुंद लेन्स) सरळ रेषा सरळच ठेवते, पण कडेचं सगळं बाहेर ताणते. कडेला उभ्या माणसाचा चेहरा भोपळ्यासारखा रुंद होतो, म्हणून माणसं मधल्या भागात घ्या. फिशआय, म्हणजे जवळजवळ १८० अंश टिपणारी लेन्स, चेहरे कमी ताणते, पण फ्रेमच्या मध्यातून न जाणारी प्रत्येक रेषा वाकवते. कॅमेरा खाली झुकवला की क्षितिज कमानीसारखं फुगतं, वर उचलला की परातीसारखं खोल जातं. क्षितिज बरोबर मध्यावर ठेवलं तर सरळ राहतं.

फिशआयचं खरं सोनं होतं ते मुळात गोल असलेल्या जागी. विहिरीत उडी मारणारी पोरं घ्या: काठ गोलच असल्यामुळे वाकलेला खटकत नाही, आणि पोरगं दीड मीटरवरून जात असतं. इतक्या जवळून जाणारी वस्तू सेन्सरवर फार वेगानं सरकते, त्यामुळे वाइडला कमी शटर स्पीड चालतो हा समज इथे फसतो. १/२००० सेकंद ठेवा, १/५०० ला हातपाय पुसले जातात. फोकस आधीच दीड मीटरवर लावून मॅन्युअल करा. पट्टा गळ्यात हवाच, आणि बसायचं ते पक्क्या कठड्यामागे.

निसर्गचित्रासाठी मात्र साधी अल्ट्रावाइडच. १० मिमी, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फोकस ६५ सेंटिमीटरवर, एवढं केलं की सव्वा फुटावरचं फुटलेलं बोंड आणि धुऱ्यापलीकडचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. पऱ्हाटीला जवळजवळ टेकूनच बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत अख्खं वावर सपाट, रिकामं दिसतं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, छिद्र बारीक झालं की प्रकाश पसरतो, या विवर्तनानं सगळंच मऊ पडतं.

लोणारला बहुतेकांची निराशा होते. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि काठावर उभं राहिलं की ते डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत पसरतं. १० मिमीचा कोन कर्णावर १०७ ते १०९ अंश, म्हणजे दोन्ही टोकं कापली जातात आणि तळं बारीक पट्टी होऊन बसतं. तिथे २४-३५ मिमीनं, कॅमेरा उभा धरून, एकतृतीयांश भाग एकमेकांवर येईल असे फोटो घ्या आणि जोडा. पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) काढून ठेवा; एवढ्या रुंद आभाळात तो एकाच बाजूला गडद डाग पाडतो.

सुरुवातीला कॅननची १०-१८ किंवा निकॉनची एएफ-पी १०-२० पुरते. निकॉनची ही लेन्स डी३२००, डी५१००, डी७००० यांसारख्या जुन्या बॉडीवर ऑटोफोकस करत नाही, ते आधी तपासा. रात्रीच्या कबड्डीसाठी एफ/२.८ ची टोकिना ११-१६. फिशआयमध्ये सॅमयांग ८ मिमी स्वस्त आहे, पण फोकस हातानं करावा लागतो. तिची फुगीर काच पुढे आलेली असते, समोर फिल्टर बसत नाही. पटाच्या धुळीत ती दुपट्ट्यानं कधीच पुसू नका: काळ्या मातीत वाळूचे कण असतात, ओरखडे पडतात. आधी ब्लोअर, मग मायक्रोफायबर.

जुनी लेन्स घेताना मोबाईलच्या टॉर्चनं आत जाळीसारखी बुरशी दिसते का बघा. मग विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडून एक फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर हरकत नाही. एकच कोपरा पुसट असेल तर आतल्या काचा सरकल्या आहेत; ती लेन्स परत द्या.